सरनाईकांच्या बाजूने, देवांच्या बाजूने

"मराठीत हिरो हुता गडी. हिंदीत जाऊन हिरोच्या मागं उभारला."

रमेश देवांविषयी आमच्या मामांचं हे मत आहे आणि ते तसूभरही हललेलं मी पाहिलेलं नाही. मामांची सगळी नोकरी लक्ष्मीपुरीतल्या एका थिएटरच्या केबिनमध्ये, प्रोजेक्टरशेजारी गेली. त्यामुळे सिनेमाच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात कुणी खोडत नाही. या वेळी तो खोडायला बसली माझी मावसबहीण. तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. ती मालिकांमध्ये कामं करते. कधी वहिनीची मैत्रीण, कधी पतपेढीतली बाई, कधी नुसतीच लग्नातली पाहुणी. कोल्हापुरातल्या पोरींसारखी 'मी जातो, मी करतो' असंच बोलते आणि सेटवर गेल्यावर ते विसरण्याचे तिला पैसे मिळतात.

"मामा, मागं उभारायलाबी कोणतरी बोलवावं लागतंय," ती म्हणाली. "हिंदी सिनेमे दोनशे पंच्याऐंशी, मराठी एकशे नव्वद. गेले तेव्हा पेपरात आकडे आले हुते. इतक्या वेळा माणसाला परत बोलवत्यात ते काय उगंच?"

"आकडे दूध संघाचे सांगावेत. नटाचे न्हाईत."

"मग नटाचं काय सांगायचं?"

"नटाचा एक शॉट सांगायचा. एकच. तो सांगता आला तर नट मोठा."

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हे चाललं होतं. समोर म्हशी बांधलेल्या, हातात धारोष्ण दुधाचे ग्लास, आणि शेजारचे दोघे अनोळखी लोक मान वळवून ऐकायला लागलेले. कोल्हापुरात कुस्ती, राजकारण आणि सिनेमा या तीन विषयांवरचं भांडण खासगी राहत नाही.

मामांचा एक शॉट कुणाचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अरुण सरनाईकांचा. मामांच्या लेखी कोल्हापूरने दिलेला नट तो एकच. बाकीचे कोल्हापुरात जन्मले इतकंच.

दोघेही इथलेच. रमेश देव १९२९ चे, सरनाईक १९३५ चे. देवांना राजा परांजप्यांनी १९५६ च्या 'आंधळा मागतो एक डोळा'मध्ये खलनायक म्हणून उभं केलं. पुढे 'सुवासिनी', 'वरदक्षिणा' असं करत ते नायक झाले आणि १९६२ मध्ये राजश्रीच्या 'आरती'तून हिंदीत शिरले. सरनाईक गाण्याच्या घरातले. वडील शंकरराव सरनाईक यशवंत संगीत नाटक मंडळीचे मालक आणि गायक नट, काका निवृत्तीबुवा जयपूर घराण्याचे गवई. स्वतः अरुण सरनाईक तबल्यावर आणि पेटीवर सहज बसणारे. सिनेमात आले ते १९६१ च्या 'शाहीर परशुराम'मधून, अनंत मान्यांच्या हाताखाली. म्हणजे एक हिंदीची वाट चालायला लागला त्याच सुमाराला दुसरा मराठीत पाय रोवत होता.

"सांगा मग तुमचा शॉट," धाकटी म्हणाली.

मामांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला. "'सिंहासन'. मुख्यमंत्र्याला फोनवर कळतंय की तुझ्या खुर्चीखाली कट शिजतोय. आता ह्या जागी दुसरा कुठलाबी नट असता तर त्यानं भुवया चढवल्या असत्या, घाम पुसला असता. सरनाईकांनी काय केलं? काय नाय. ऐकून घेतलं. अन् ते ऐकत असताना आपल्याला दिसतंय की हा माणूस आतल्या आत मंत्रिमंडळाची यादी काढालाय, एकेकाच्या नावावर बोट ठेवालाय."

इथे मामांच्या केबिनविषयी सांगायला हवं, नाहीतर त्यांचं म्हणणं निव्वळ भक्ती वाटेल. तेव्हा दोन प्रोजेक्टर असायचे. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका क्षणभर चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटार चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर. चुकलात तर पडदा पांढरा आणि पिटातून शिट्ट्या. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्या जळत सरकायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं हाताने राखायचं, नाहीतर चित्र पिवळं पडायचं. असा माणूस सिनेमा बसून पाहत नाही. एका चौकोनी भोकातून, यंत्राच्या खडखडाटात, निम्मंअर्धं ऐकत, तोच प्रसंग दिवसाला तीन खेळ आणि आठवड्याला एकवीस वेळा पाहतो. संवादाची जादू दुसऱ्या दिवशीच उतरते. गाण्याची चौथ्या दिवशी. त्यानंतर उरतो तो नटाचा चेहरा, आणि त्यातही बहुतेकांचे चेहरे आठवड्याच्या आत शिळे होतात.

"त्या शॉटला मी ठिपका चुकवलाय," मामा म्हणाले. "माझी नजर कोपऱ्यात पाहिजे हुती, ती सरनाईकांवर. पब्लिकनं थेटर डोक्यावर घेतलं. मालकांनी एक दिवसाचा पगार कापला."

"अन् तुम्हाला त्याचं काय वाटलं नाही."

"वाटलं की. पुढच्या खेळाला परत चुकतोय का काय, असं वाटलं."

धाकटी हसली, पण ती काही ऐकून गप्प बसणाऱ्यातली नाही. "बरं. 'सिंहासन' एकोणऐंशीचा. सरनाईक सिनेमात आले एकसष्टला. मधल्या अठरा वर्षांत काय? 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी', 'गण गवळण'. पाटील, फेटा, बैठकीत लोडाला टेकायचं अन् बाईची लावणी संपली की मान हलवायची. मामा, एवढा ताकदीचा नट आपण अठरा वर्षं लोडाला टेकवून ठेवला. मग जब्बार पटेल आले, तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, तेव्हा तुम्हाला तुमचा एक शॉट मिळाला. ह्यात सरनाईकांचं कौतुक किती आणि मराठी सिनेमाची लाज किती?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये असा काही चालला, पुण्यात एका थिएटरात शंभराच्या वर आठवडे, की पुढची दहा-बारा वर्षं निर्मात्याला फडाशिवाय दुसरं काही सुचेना. जो देखणा नट त्या काळात आला त्याच्या डोक्यावर फेटा चढलाच. मराठी सिनेमाचं भांडवल बेताचं, थिएटर मिळायची मारामार, आणि वितरक विचारणार, लावण्या किती? सरनाईकांनी नाही म्हटलं असतं तर घरी बसले असते.

पण मामा वेगळ्याच बाजूने आले.

"लोडाला टेकून मान हलवणं सोपं वाटतंय तुला? पडद्यावर बाई नाचालीय, पब्लिकचं सगळं लक्ष तिच्यावर, अन् तुझ्यावर क्लोज लागतोय दोन सेकंदांचा. त्यात गाणं कळणारा माणूस दिसला पाहिजे. सरनाईकांची मान समेवर हलायची. बाकीच्यांची कुठंबी हलायची. केबिनमधनं मला आवाज नीट यायचा नाही, पण सरनाईकांची मान बघून मी सांगायचा सम कुठं आली ते. तबला वाजवणारा माणूस हुता तो. अन् तू 'मुंबईचा जावई' का विसरालीस? सत्तरचा. त्यात कुठं फेटा हाय? दोन खोल्यांचं घर, नवंनवं लग्न, बायकोशी चार शब्द बोलायला जागा नाही. त्यातला त्यांचा संकोच बघ. हिंदीवाल्यांनी 'पिया का घर' म्हणून तोच सिनेमा परत काढला, जया भादुरीला घेऊन. सरनाईकांच्या जागी अनिल धवन. चांगलं काम केलं पोरानं. पण माझ्या डोळ्यापुढनं सरनाईक काय हालले नाहीत."

शेजारच्या अनोळखी माणसाने इथे "बरोबर" म्हटलं. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा दुधाकडे वळला.

"मी सरनाईक लहान हाईत असं म्हटलेलंच नाही," ती म्हणाली. "मी म्हणतो, देवांना तुम्ही मापालाय कशानं? तुमचा गज सरनाईकांच्या मापाचा. त्यानं दुसऱ्या कुणाला मापलं की तो तोकडाच निघणार. आता 'आनंद' घ्या."

"'आनंद' राजेश खन्नाचा."

"आणि?"

"अन् बच्चनचा."

"आणि डॉक्टर प्रकाश कुलकर्णींचा. मामा, त्या सिनेमात बच्चन रागावलेला डॉक्टर हाय. गरिबाला औषध मिळंना म्हणून जगावर चिडलेला. त्याच्याकडं श्रीमंत पेशंट आला की तो तोंडावर सांगतो, तुला काय झालेलं नाही, कमी खा. तोच पेशंट प्रकाशकडं जातो. प्रकाश त्याला गंभीरपणे तपासतो, गोळ्या लिहून देतो, दणकून फी घेतो. अन् त्या पैशांवर चार गरिबांचं भागवतो. आता हा माणूस पडद्यावर लबाड दिसला असता तर सिनेमा कोसळला असता. साधुसंत दिसला असता तरी कोसळला असता. हसतमुख, बायकोत रमलेला, धंदा कळणारा अन् तरी मनानं चांगला, असा माणूस त्यांनी दिसू दिला. तो खरा वाटला म्हणून बच्चनचा राग खरा वाटला. खन्नाला मरायला सगळे मदत करत्यात, पण सिनेमात जगणारं माणूस कोण हाय? ते दोघं नवराबायको. रमेश देव आणि सीमाताई."

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगतो. 'आनंद' मी कैक वेळा पाहिला आहे आणि त्यातल्या रमेश देवांविषयी 'होते बुवा' यापलीकडे माझ्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं. हाच बहुधा त्या कामाचा दर्जा. हृषीकेश मुखर्जींना तिथे लक्ष वेधून घेणारा नट नकोच होता. 'जीवनमृत्यू'त, 'तीन बहुरानियाँ'त, 'मेरे अपने'त देव असेच आपापल्या जागी बसलेले आहेत. काढून घेतले तर भोक दिसेल, एरवी नजर जाणार नाही. आणि आणखी एक गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरतो. मराठीत नायक असलेल्या माणसाने हिंदीत पाचव्या-सहाव्या नावावर काम करायचं म्हणजे रोज थोडा अहंकार गिळायचा. सकाळी कोल्हापुरात लोक गराडा घालतात आणि त्याच आठवड्यात मुंबईत हिरोच्या तारखेसाठी ताटकळत बसायचं. हे पचवणारी माणसं फार थोडी.

"मग का गेले तिकडं?" मामांनी नेमका तोच प्रश्न टाकला. "हितं राजे हुते."

"राज्य कुठं राहिलेलं, मामा? तुम्ही मंगळवार पेठेत राहता. खरी कॉर्नरला जाता-येता कॅमेरा स्तंभ बघता. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, 'सैरंध्री', सगळं हितंच झालं. मग एकोणतीसला प्रभात हितं निघाली, अन् चारच वर्षांत तिनं पुण्याला बिऱ्हाड हलवलं. एवढी मोठी कंपनी गेली तेव्हा तिला कुणी 'मागं उभारली' म्हटलं नाही. नटानं बिऱ्हाड हलवलं की मात्र तो बाटला. मी परवा मुंबईला ऑडिशनला गेलो तर शेजारची काकू म्हणाली, आता तू काय आमची राहिली नाहीस. मामा, मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो हुतो."

यावर मामाही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "तुझ्या टीव्हीत अन् आमच्या सिनेमात फरक हाय, पोरी. तुमच्यात काम शिळंबी होत नाही. आज दाखवलं, उद्या गेलं."

"शिळं व्हायला वेळच नसतो. आज शूट केलं की चार-पाच दिवसांत टेलिकास्ट. एपिसोडची बँक संपलेली असली तर काल रात्री केलेला सीन आज रात्री लागतो. सकाळी मेकअपला बसल्यावर कागद हातात येतो. तिथं तुमच्या सरनाईकांसारखं मनात मंत्रिमंडळाची यादी काढायला कोण वेळ देतोय? सीन झाला, पुढचा सीन. वर रिअॅक्शनचे क्लोज वेगळे घेत्यात, समोर माणूसच नसतो, भिंतीवरच्या टेपकडं बघून रडायचं. पैसे नव्वद दिवसांनी. अन् टीआरपी पडला की पहिला ट्रॅक कुणाचा कापत्यात? वहिनीच्या मैत्रिणीचा."

"मग करतीस कशाला?"

"कारण पुढच्या महिन्यात परत फोन येतो. तोच तर मुद्दा हाय. तो फोन परत परत येणं म्हणजे कारकीर्द. बाकी सगळं कौतुक."

वाद इथे संपला असता तर धाकटी जिंकली, असं मी म्हटलं असतं. पण मामांनी गणपत पाटलांचं नाव काढलं, आणि दोघांचीही गणितं विस्कटली.

"गणपत पाटलांनाबी फोन परत परत आला. कशासाठी? नाच्यासाठी. एकदा केलं, चांगलं केलं, मग जन्मभर तेच. तुझ्या हिशेबानं ती कारकीर्द मोठी. किती तमाशापट असतील त्यांचे! फड म्हटलं की नाच्या पाहिजे अन् नाच्या म्हटलं की गणपतराव पाहिजेत. पण ते रस्त्यानं निघाले की पोरं टाळ्या वाजवायची, बायकी हातवारे करायची. संसारी माणूस, लेकराबाळांचा. घरच्यांनी काय काय ऐकून घेतलं असंल. पडद्यावर इतकं खरं केलं की लोकांनी बाहेर खोटं मानायचंच बंद केलं."

धाकटी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अमेरिकेत लिओनार्ड निमॉय म्हणून नट हुता. टीव्हीवर 'स्टार ट्रेक' लागायचं, सहासष्ट ते एकोणसत्तर. त्यात परग्रहावरचा स्पॉक, टोकदार कानांचा. तीनच वर्षं चालली मालिका. पण माणूस जाईल तिथं लोक त्याला स्पॉक म्हणायचे. त्यानं वैतागून पंच्याहत्तरला पुस्तक लिहिलं, 'मी स्पॉक नाही' नावाचं. चाहते खवळले. मग वीस वर्षांनी दुसरं लिहिलं, 'मी स्पॉक आहे'."

"शेवटी मान्य केलं म्हणा की."

"मान्य केलं, पण त्याला मान्य करायला परवडलं, मामा. स्पॉक हुशार, सभ्य, लोक त्याला सलाम ठोकायचे. मधल्या काळात त्यानं सिनेमे दिग्दर्शित केले. गणपतरावांना 'मी नाच्या आहे' असं पुस्तकावर छापून कुठल्या गल्लीत फिरता आलं असतं? 'नटरंग' आला दोन हजार दहाला. आनंद यादवांची कादंबरी, आपल्या कागलचे. तेव्हा कुठं लोकांना नाच्याच्या घरात काय होतं ते बघावंसं वाटलं. गणपतराव दोन हजार आठलाच गेलेले."

'नटरंग'ची गोष्ट गणपत पाटलांची नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो सिनेमा बघताना कोल्हापुरात अनेकांच्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल, हे सांगायला नको. पडद्यावरच्या सोंगालाच खरा माणूस समजायचा तो सगळा प्रकार आता फार दूरचा वाटतो खरा, पण वसगड्यातल्या वाड्यात 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेचं शूटिंग चालू असताना लांबलांबहून लोक गाड्या करून 'राणादाचं घर' बघायला यायचे. नटाचं नाव विचारलं तर त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं. फरक इतकाच की राणादा व्हायला कुणाचीही हरकत नसते.

"म्हणूनच म्हणतो," धाकटीने धागा पुन्हा उचलला, "देवांनी काय टाळलं ते बघा. खलनायक केला, नायक केला, परत खलनायक केला, डॉक्टर केला. नाटकं केली, सिनेमे काढले, जाहिरातपट केले. घरच्या 'सर्जा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुठल्या एका खोक्यात माणूस बसूच दिला नाही स्वतःला. तुम्ही त्याला 'मागं उभारला' म्हणता, मी म्हणतो, निसटला."

"निसटला तो लोकांच्या मनातनंबी निसटला," मामा म्हणाले. "शहाण्णवला बघितलंस न्हवं? तू लहान असशील. शिवसेनेनं त्यांना कोल्हापुरातनं लोकसभेला उभं केलं. सभेला काय गर्दी! बायका-पोरं बघायला. सीमाताई आल्या की दुप्पट. अन् मतं मोजली तर उदयसिंगराव गायकवाड निवडून आले."

"त्यात नटाचा काय संबंध? सरनाईक उभे राहिले असते तर निवडून आले असते?"

"सरनाईक मुख्यमंत्री हुते की. 'सिंहासन'मध्ये."

कट्ट्यावरचे सगळेच हसले. पण धाकटीने मामांना सोडलं नाही, आणि पुढे ती जे बोलली ते आमच्या गावाविषयी मी ऐकलेलं सगळ्यांत बोचरं आणि बहुधा सगळ्यांत खरं बोलणं आहे.

"मामा, राग मानू नका. कोल्हापूरला लवकर गेलेला नट लई आवडतो. सरनाईक चौऱ्यांशीच्या जूनमध्ये मोटार अपघातात गेले. अठ्ठेचाळीसचं वय. केस काळे, चेहरा देखणा, 'सिंहासन' होऊन पाचच वर्षं झालेली. पुढचं सगळं तुम्ही मनात त्यांना देऊन टाकलं. न केलेले सगळे रोल त्यांनी तुमच्या डोक्यात उत्तम केलेत. देव त्र्याण्णव वर्षं जगले. म्हातारे झालेले तुम्ही बघितले, भाषण करताना बघितले, निवडणुकीत पडलेले बघितले. जगलेल्या माणसाचा हिशेब तुम्ही पैशापैशाला करता आणि गेलेल्याला उधारी माफ."

मामा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं दुखावले. पण ते वेगळंच मोजत होते.

"चौऱ्यांशी," ते म्हणाले. "जून. 'हमलोग' कधी लागलं?"

मी फोनवर पाहिलं. सात जुलै १९८४. सरनाईक गेले त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने देशभर मालिकांचं युग सुरू झालं. पुढे दहा-पंधरा वर्षांत मराठी नाटकातले आणि सिनेमातले किती तरी नट टीव्हीवर गेले आणि ज्यांचं नाव कधी मोठ्या अक्षरात छापलं नव्हतं तेही घरोघरी ओळखले जाऊ लागले. सरनाईकांसारखा आवाज, तशी नजर, आवाज न चढवता समोरच्याला गार करायची ती ढब, ही छोट्या पडद्यासाठीच बेतल्यासारखी. मामांनी हा विचार याआधी कधी केला नसावा.

"टीव्हीवर गेले असते सरनाईक?" त्यांनी धाकटीला विचारलं. प्रश्न खरा होता, तिरकस नव्हता.

"गेले असते. पहिल्यांदा नाही म्हटले असते, मग गेले असते. कुठल्या तरी घराण्याचे आबासाहेब झाले असते. जिन्यावर उभारून घोंगडं पांघरल्यागत शाल घेतली असती. चारशे एपिसोड. अन् तुम्ही म्हटला असता, 'सिंहासन'मधला गडी, आता जिन्यावर उभारला."

"म्हटलं असतं," मामांनी कबूल केलं. "पण बघितलं असतं रोज."

मला दोघांचंही पटतं, असं म्हणून सुटायची सोय आहे, पण ते खोटं होईल. मी धाकटीच्या बाजूला झुकतो. एकच शॉट पुरेसा, हा मामांचा निकष प्रेक्षकाला परवडतो. नटाला तो शॉट मिळेपर्यंत जगावं लागतं, आणि मिळाल्यानंतरही. सरनाईकांनी लोडाला टेकून मान हलवली नसती तर 'सिंहासन'च्या वेळी ते सिनेमात असतेच कशाला? म्हणजे मामांचा एक शॉटही धाकटीच्या हिशेबातूनच आला आहे. हे मी बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, "तू मध्ये बोलू नको. तुला दोन्ही यंत्रं चालवता येत नाहीत."

निघताना धाकटीने फोनवर 'जॉली एलएलबी' काढला. २०१३ चा. कोर्टाच्या आवारातल्या कँटीनचे कौलसाहेब, पांढरे केस, थकलेलं शरीर, आणि चुकलेल्या जॉलीला चार शब्द सुनावताना डोळ्यांत अजून धार. रमेश देव तेव्हा चौऱ्यांशीचे. मामांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तो तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेला आवाज बंद करायला लावला.

"बरं करालाय," ते म्हणाले. "उगंच हात हलवत नाही. समोरच्याचं ऐकून घेतोय, मगच बोलतोय." फोन परत देता देता थांबले. "सरनाईक तेव्हा सत्त्याहत्तरचे असते. हा रोल त्यांना दिला असता तर?"

"तर रमेश देवांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं असतं, जजचा रोल दिला का कुणाला?"